धाकट्या जावेचा रिपोर्ट

अगं सोने, फोनवर तू इतकं हळू बोलत होतीस की निम्मं मी अंदाजानंच समजून घेतलं. म्हणून सविस्तर लिहिते. दुपारी निवांत वाच.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. हो, तुझ्या पोराला धाकट्या जावेच्या मांडीवर खुशाल बसू दे. तिच्या हातचा घास खाऊ दे, तिला पापाही घेऊ दे. एचआयव्ही थुंकीतून, घामातून, ताटवाटीतून, संडासातून लागत नाही. डास चावूनही नाही. तो लागतो निरोध न वापरता आलेल्या संबंधांतून, बाधित रक्तातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं काढलंय ना, ते आजच सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडणीवर ठेव.

त्यांच्यावर चिडू मात्र नकोस. नव्वदच्या दशकात त्यांच्या वयाच्या बायकांनी जे पाहिलं ते भयंकर होतं. धडधाकट माणसं टीबीनं, जुलाबांनी खंगून गेली. औषधं निघाली होती, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. आपल्याकडे कुणाला परवडणार? २००१ साली मुंबईच्या सिप्लानं तीच तीन औषधं वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केली. आपल्या सरकारी दवाखान्यांत १ एप्रिल २००४ पासून ती फुकट मिळायला लागली. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे अजून त्याआधीचं चित्र आहे. त्यांना हे कुणी बसून सांगितलेलंच नाही, तर त्यांना कळणार कुठून?

आता मला रात्रभर छळलं ते बोलते. ‘हिनंच माहेरून आणलं’ असं घरात चाललंय म्हणालीस. का, तर रिपोर्ट तिचा आधी आला! अगं, आधी येणारच. दिवस गेले की प्रत्येकीचं रक्त तपासतात: हिमोग्लोबिन, साखर, कावीळ, त्यातच एचआयव्ही. तुझंही तपासलं होतं. पुरुषाचं रक्त कोण तपासतं? तो आजारी पडेपर्यंत कुणीच नाही. म्हणून घराघरांत बाई आधी सापडते आणि गुन्हेगार ठरते. हा विषाणू शरीराच्या रक्षक पेशींमध्ये, सीडी-फोर म्हणतात त्यांच्यात, शिरून त्यांना हळूहळू संपवतो. उपचाराविना एड्सच्या अवस्थेपर्यंत जायला आठ-दहा वर्षंही लागतात, आणि तोवर माणूस ठणठणीत दिसतो. म्हणजे लागण कधी झाली, कुणाकडून झाली, यातलं काहीही त्या कागदावर लिहिलेलं नसतं. दिरांनी चाचणी करून घ्यायलाच हवी. दोष ठरवायला नव्हे, त्यांनाही बाधा असेल तर औषध लवकर सुरू व्हावं म्हणून. निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण लागण ताजी असेल तर ती पहिल्या तपासणीत निसटू शकते. तोवर निरोध वापरायचाच.

आणि बाळ! ती रडून रडून हेच विचारते ना? तिला सांग, बाळ निरोगी जन्मू शकतं. काहीच उपचार केले नाहीत तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. आईनं गोळ्या नेमानं घेतल्या तर पाचाहूनही कमी बाळांना. तिला पाचवा चाललाय, हातात वेळ आहे, फक्त आता एक दिवसही दवडायचा नाही. एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी औषधकेंद्रातून, रोजची गोळी मिळेल. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. केवळ या आजारापायी पोट फाडावं लागत नाही. बाळाला सुरुवातीचे काही आठवडे औषध पाजतात, दीड महिन्याचं झालं की टाचेतून रक्त घेऊन तपासतात, आणि पक्का निकाल अठरा महिन्यांनंतर देतात. अंगावर पाजायचं की वरचं दूध द्यायचं, हे तिथल्या समुपदेशक ताईंशी बाळंतपणाआधीच बोलून ठरवा. पहिले सहा महिने दोन्ही एकत्र देऊ नका, हे मात्र सासूबाईंच्याही कानावर घाल. घुटी-मधाची घाई त्यांनाच असते.

गोळी जन्मभराची आहे. सुरुवातीला मळमळेल, झोप बिघडेल, मग शरीराला सवय होते. बरं वाटतंय म्हणून सोडली की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. मुळापासून बरं करतो म्हणणारे काढेवाले तुमच्याही तालुक्यात असतील. त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका. नियमित औषधानं रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तसा तो दबलेला राहिला तर संबंधांतून जोडीदारालाही लागत नाही. हे मी तुला दिलासा म्हणून सांगत नाही, जगभरच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलेलं आहे.

तिला माहेरी धाडायचं घाटतंय म्हणालीस. तुझ्या नवऱ्याला सांग, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा आहे. राहत्या घरातून तिला काढता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. तिचा रिपोर्ट चारचौघांत सांगत फिरणंही चूक आहे. तू मला सांगितलंस ते तिला विचारून सांगितलंस, असं मी धरून चालते. नसेल तर आधी तिला सांग.

सोमवारी सिव्हिलला तिघं जा: ती, दीर आणि तू. दीर कुरकुरले तर आधी १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन लावून द्या, फुकट आहे आणि नाव विचारत नाहीत. आधार कार्ड, गरोदरपणाचं कार्ड आणि तो रिपोर्ट बरोबर घ्या, आणि सकाळी लवकर निघा, तिथं रांग असते.