पुरुषांचे उदास मन आणि टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन



"अंगात राम राहिला नाही, कामात मन लागत नाही, उगाच छातीत धडधडतं," अशी तक्रार चाळिशी-पन्नाशीतले पुष्कळ जण करतात. मग कोणीतरी सांगतो, "ताकदीचं इंजेक्शन घे, सगळं ठीक होईल." यात खरे किती, ते पाहू.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या वृषणात तयार होणारे संप्रेरक. ते १९३५ साली शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. स्नायू, हाडे, कामेच्छा आणि मन यांवर त्याचा परिणाम होतो. चाळिशीच्या सुमारापासून त्याचे प्रमाण हळूहळू, वर्षाला साधारण एक टक्का, उतरते. पण मन खचायला कर्ज, दारू, अपुरी झोप, मधुमेह, थायरॉईड अशी इतरही कारणे असतात.

२०१९ साली २७ चाचण्यांतील १,८९० पुरुषांची माहिती एकत्र तपासली गेली. टेस्टोस्टेरॉनने उदासीनता कमी झाली, पण बेताचीच. अमेरिकेत प्रमाण कमी असलेल्या, ६५ वर्षांपुढच्या ७९० पुरुषांवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१६ साली आला: मन थोडे सुधारले, अंगातला उत्साह मात्र फारसा वाढला नाही. चिंता, घबराट यांबाबतचा पुरावा तर आणखी तोकडा आहे.

आपण माती तपासून खताचा डोस ठरवतो. गरज नसताना युरिया ओतला तर ऊस लोळतो, साखर उतारा घटतो. इथेही तसेच आहे. म्हणून ध्यानात ठेवा:

१) रक्त सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासावे. दोन्ही वेळा प्रमाण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि जोडीला लक्षणे असतील, तरच डॉक्टर उपचाराचा विचार करतात.

२) मूल हवे असणाऱ्याने हे इंजेक्शन घेऊ नये. बाहेरचा माल आला की शरीराचा स्वतःचा कारखाना मंदावतो, शुक्रजंतू घटतात.

३) उपचार चालू असताना रक्त जास्त घट्ट होत नाही ना आणि प्रोस्टेट ग्रंथी ठीक आहे ना, हे वेळोवेळी तपासून घ्यावे.

४) उदासीनतेच्या चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणि जीव नकोसा वाटू लागला, तर कसल्याही रिपोर्टची वाट पाहू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असते. घरच्यांनीही "गडीमाणूस असून रडतोस काय?" असे म्हणू नये. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे.