मधुमेह आहे, प्रवास विमा मिळेल का?

प्रश्न : वय ६४, जुना मधुमेह. मुलीकडे जर्मनीला जायचे आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर मधुमेह लिहू नका. काय करावे?
– एक वाचक, शहापूर (जि. भंडारा)

उत्तर : लिहाच! विमा मिळतो. आजार लपवला आणि तिकडे भरती व्हावे लागले, तर कंपनी दावा नाकारू शकते. मग सगळे बिल मुलीच्या अंगावर. जर्मनीला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण त्यात जुना आजार आपोआप येत नाही. बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जिवावर बेतल्यासच, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत, खर्च मिळतो. ही मर्यादा हप्ता भरण्याआधी लेखी मागून घ्या. इन्सुलिन घेत असाल तर ते डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच ठेवा.