हॉटेल बुक करण्याआधी, पोरांनो

उन्हाळ्यात ‘अप नॉर्थ’ला, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेला, जायचं ठरलं की नोव्हायतली आपली मंडळी लगेच फोनवर हॉटेलं बघायला बसतात. पोरांनो, आधी वार बघा. खोलीचा भाव खोलीपेक्षा त्या रात्री तिथे आणखी कोण कोण उतरणार, यावर ठरतो. आपल्या नोव्हाय-लिव्होनियाकडची हॉटेलं सोमवार ते गुरुवार गाड्यांच्या कंपन्यांत कामाला आलेल्यांनी भरतात आणि शनिवार-रविवारी त्यांचे भाव उतरतात. मॅकिनॉ सिटीत नेमकं उलट. तिकडे रविवारी निघा आणि बुधवारी परता. तीन रजा जातात, पण आई-बाबा भारतातून आलेले असतील तर गर्दी नसण्याचं सुख त्यांनाच जास्त.

मॅकिनॉ बेटावर 1898 पासून मोटारींना बंदी आहे. घोडागाड्या, सायकली, 1887 साली उघडलेलं ग्रँड हॉटेल, सगळं डोळे भरून बघा, पण झोपायला अलीकडे या. सकाळच्या बोटीने जायचं, संध्याकाळच्या बोटीने परतायचं. मॅकिनॉ सिटीत भाव चढलेले असतील तर पूल ओलांडून सेंट इग्नेसला विचारा. पुलाचा टोल गाडीला 4 डॉलर, आणि बोट तिथूनही सुटते. तेही जमलं नाही तर पंधरा-सोळा मैलांवर शबॉयगन आहे. ट्रॅव्हर्स सिटीला जुलैच्या सुरुवातीला, चेरीच्या उत्सवात, खोली शोधूच नका. तासाभरावर कॅडिलॅकला उतरा. आणि मुलांना कॉलेज दाखवायला अ‍ॅन आर्बर किंवा ईस्ट लान्सिंगला मुक्काम करायचा असेल, तर त्या शनिवारी तिथे फुटबॉलची मॅच नाही ना, हे आधी बघा.

शिकागोत खोली स्वस्त दिसते आणि पार्किंग कापून नेतं. शिवाय तिथला हॉटेलवरचा कर 17 टक्क्यांच्या वर आहे. मी तर विमानतळाजवळ रोझमाँटला उतरा म्हणेन. ब्लू लाइनची ट्रेन चोवीस तास चालते आणि थेट शहराच्या मध्यात नेते. पार्किंगचे पैसे तिथेही विचारून घ्या. मे 2025 पासून हॉटेलांना सक्तीचे रिसॉर्ट फीसारखे आकार धरूनच भाव दाखवावा लागतो, हे बरं झालं. पण कर अजूनही शेवटच्या पानावर येऊ शकतो. बेरीज तिथली धरा.

भाव सापडला की थेट हॉटेलच्या काउंटरला फोन लावा, कंपनीच्या टोल-फ्री नंबरला नाही. रात्री पलीकडच्या माणसाला जरा फुरसत असते. ट्रिपल ए या मोटार क्लबचं कार्ड असेल तर सांगा. माणसं खरी तितकीच सांगा. सहा जण चार जणांच्या खोलीत कोंबू नका, मधलं दार असलेल्या दोन खोल्या मागा. फुकटात रद्द करता येणारं बुकिंगच घ्या आणि निघेपर्यंत अधूनमधून भाव बघत राहा. उतरला तर नवं बुकिंग करून मगच जुनं रद्द करा.

शाकाहारी घराने स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. होम टू, रेसिडेन्स इनसारख्या ठिकाणी ते असतं. फुकटच्या नाश्त्यात आपल्या आजीला केळं आणि ओटमीलच मिळतं. खिचडीचं सामान मोजून न्या, फोडणी मात्र घरूनच करून डबीत भरा. तिथे मोहरी तडतडली की धुराचा अलार्म ओरडतो.

आणि खोलीत शिरल्यावर बॅगा आधी बाथटबमध्ये ठेवा. डोक्याकडच्या कोपऱ्यात चादर उचला, गादीची शिवण फोनच्या उजेडात बघा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग असतील तर तिथे ढेकूण असू शकतात. लगेच खाली जाऊन खोली बदलून मागा. शेजारची नको, वरची-खालचीही नको. दुसऱ्या टोकाची मागा.