मामूंचे विमान

खालाचा निकाह नागपूरला, मोमिनपुऱ्यात होता. वेळ असरच्या नमाजनंतरची, संध्याकाळी पाचची. नाना हयात नाहीत, म्हणून वली मामूच. ते वेळेवर पोहोचले नाहीत तर सगळेच अडणार होते.

अम्मी आधीच नागपूरला गेली होती. अब्बा आणि मी त्या रात्री रेल्वेने निघणार होतो. मामू मात्र चाकणच्या एका कारखान्यात नवीनच लागले होते. त्यांची रात्रपाळी सकाळी सात वाजता सुटणार होती. म्हणून त्यांनी विमानाने यायचे ठरवले. एक विमान दुपारी बाराला होते, दुसरे साडेतीनला.

"साडेतीनचेच बरे. थोडी झोप होईल," मामू म्हणाले. त्यांनी मला भूगोलाचा नकाशा आणायला सांगितला. मी पट्टी लावली. पुणे ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 605 किलोमीटर भरले. "विमान ताशी 800 किलोमीटर उडते. म्हणजे पाऊण तास! सव्वाचारला मी नागपुरात."

अब्बा हसले. ते भोसरीहून चाकणला मालाचा टेम्पो नेतात. रस्त्याचा हिशेब त्यांना पाठ आहे.

"मियाँ, विमान काय पहिल्या क्षणापासून 800 च्या वेगाने पळते? आधी ते धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. तेथे कधी थांबावे लागते. मग चढायचे, आणि उतरताना पुन्हा वेग कमी करायचा. तिकिटावर पाहा, एक तास वीस मिनिटे लिहिली आहेत."

"तरी चार पन्नासला पोहोचतो, दूल्हाभाई."

"विमान पोहोचेल, तुम्ही नाही. सामान घ्यायला अर्धा तास. तेथून मोमिनपुरा आणखी अर्धा तास."

मामू गप्प झाले. पाच पन्नास वाजत होते! बाराच्या विमानाचा हिशेब केला, तर अडीचच्या आत घर येत होते. पण त्यासाठी दहाला लोहगावला हजर राहायचे, आणि चाकण, मोशी, आळंदी रस्त्याच्या गर्दीतून दीड तास धरायचा. म्हणजे साडेआठला निघायचे. झोप गेली!

"चाकणजवळच विमानतळ होणार होता ना?" मामूंनी कुरकुर केली.

"चर्चा पुष्कळ वर्षे चालली. खेड तालुक्यातील शेतकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला. शेवटी 2016 मध्ये सरकारने पुरंदर तालुका निवडला. चाकणहून तो लोहगावपेक्षाही दूर. तुमची झोप गेली खरी, पण त्यांचे तर शेतच जात होते."

मामूंनी बाराचे तिकीट काढले.

आमची गाडी दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत गेली. तो मार्ग जवळजवळ 900 किलोमीटरचा आहे. सकाळी आम्ही नागपूरला उतरलो. दुपारी मी दारातच उभी होते. सव्वादोन झाले, अडीच झाले. अम्मी सारखी घड्याळ पाहत होती. दोन पस्तीसला रिक्षा थांबली. मामू डोळे चोळत उतरले. विमानात त्यांना इतकी गाढ झोप लागली होती, की खिडकीतून काहीच पाहिले नव्हते!

परतीच्या विमानाला मात्र दहा मिनिटे जास्त लागली. मामू वैमानिकाला दोष देऊ लागले. अब्बा म्हणाले, "हिवाळा आहे. एवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो पाठीशी होता, येताना समोरून."