पाठ : काय ठेवायचं आणि किती दिवस?

वाचण्याआधी
तुमच्या फोनमधला सगळ्यात जुना फोटो कोणता? तो आणखी कुठे ठेवलेला आहे का? शेजारच्याला सांगा.

वाचा

समजा, आजीनं पुण्याहून पुरणपोळीची कृती स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली. तुम्ही ती गूगल ड्राइव्हवर ठेवली. सप्टेंबरमध्ये जागा कमी पडली म्हणून घरात कुणीतरी साफसफाई केली आणि चुकून ती फाइलही गेली. मार्चमध्ये होळी आली. आईनं डाळ शिजत लावली आणि म्हणाली, "अरे, आजीचं रेकॉर्डिंग लाव ना!" ते सापडेल का?

बहुतेक नाही. ड्राइव्हच्या कचरापेटीतली फाइल ३० दिवसांनी आपोआप पुसली जाते. हा झाला एक नियम. अशा नियमाला रिटेन्शन पॉलिसी म्हणतात. आपण त्याला 'जपणुकीचा नियम' म्हणू या. कोणती प्रत किती दिवस ठेवायची आणि कधी पुसायची, हे तो ठरवतो.

पण मग सगळंच कायम का नाही ठेवायचं? कारण जागा संपते. दर तासाला एक प्रत घेतली, तर वर्षाला ८,७६० प्रती होतील! म्हणून ॲपलच्या मॅक संगणकावरचं टाइम मशीन एक युक्ती करतं. गेल्या २४ तासांतली दर तासाची प्रत ते ठेवतं. गेल्या महिन्यातली रोजची एक प्रत ठेवतं. त्याआधीची मात्र आठवड्याला एकच. डिस्क भरली की सगळ्यात जुनी प्रत आधी जाते.

यात एक मेख आहे. तुम्ही सोमवारी एक निबंध लिहिला आणि बुधवारी पुसला. पुढचा महिनाभर तो परत मिळेल. त्यानंतर त्या आठवड्याची एकच प्रत उरते. ती रविवारची असेल, तर तिच्यात निबंध नाहीच! म्हणजे बॅकअप चालू असूनही फाइल हरवू शकते.

मोठ्या संस्थांचंही असं होतं. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर उतरले. चंद्रावरून आलेलं मूळ चित्रण नासानं चुंबकीय फितींवर साठवलं होतं. टीव्हीवर लोकांनी पाहिलं, त्यापेक्षा ते जास्त स्पष्ट होतं. पुढे फितींचा तुटवडा पडला, तेव्हा नासानं हजारो जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. बऱ्याच वर्षांनी मूळ चित्रणाचा शोध सुरू झाला. २००९ मध्ये नासानं सांगितलं, की त्या फितीही बहुधा अशाच पुसल्या गेल्या. शेवटी टीव्ही केंद्रांकडच्या प्रती गोळा करून चित्रण सुधारावं लागलं. 'ही फीत पुसायची नाही' असं वेळेवर कुणी ठरवलं असतं, तर ही वेळ आली नसती.

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत कागदांसाठी अशी जुनी पद्धत आहे. कागदपत्रांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. 'अ' वर्गातले कागद कायम ठेवायचे, 'ड' वर्गातले वर्षभरानं नष्ट करायचे. बाकीच्यांना मधला काळ.

घरीही हेच करता येईल. आजीचा आवाज, जन्माचा दाखला, लग्नाचे फोटो हे 'अ' वर्गात. त्यांच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. शाळेचे जुने गृहपाठ 'क' मध्ये. एकाच दुकानाच्या पाटीचे चौदा फोटो? ते खुशाल 'ड' मध्ये टाका. आणि वर्षातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून परत काढून बघा. उघडली नाही, तर ती प्रत काय कामाची?

शब्दार्थ
प्रत – एकासारखी दुसरी, कॉपी
जपणूक – काळजीनं सांभाळणं
मेख – लपलेली अडचण
तुटवडा – कमतरता. वस्तू पुरेशी नसणं
कचेरी – ऑफिस
खुशाल – काळजी न करता

बोलताना आणि लिहिताना
बोलताना : काय ठेवायचं? आजीनं पाठवलं.
लिहिताना : काय ठेवायचे? आजीने पाठवले.
पाठातली अशी आणखी तीन वाक्यं शोधा आणि लेखी रूपात लिहा.

प्रश्न
१. आजीचं रेकॉर्डिंग मार्चमध्ये का सापडलं नाही?
२. टाइम मशीन दोन महिन्यांपूर्वीच्या किती प्रती ठेवतं?
३. नासानं जुन्या फिती का पुसल्या?
४. तुमच्या घरातल्या पाच फाइली निवडा आणि त्यांचे अ, ब, क, ड वर्ग करा. 'अ' वर्गात काय ठेवायचं, हे आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारून ठरवा. त्यांचं उत्तर मराठीत लिहून आणा.