मूल कुठे बसून शिकणार आहे?

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत उन्हाळ्याची आखणी सुरू होते, आणि तिच्यात हल्ली एक विषय हमखास निघतो: सुट्टीत एखादा ऑनलाइन कॉलेज कोर्स उरकून टाकावा का? हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतल्या मुलांना कॉलेजचा अनुभव हवा असतो. कॉलेजात गेलेल्यांना एखादा अडलेला विषय कम्युनिटी कॉलेजात, कमी खर्चात मोकळा करायचा असतो. दोन्ही इच्छा रास्त आहेत. पण मराठी शाळेच्या आवारात मुलांची वाट बघत उभे असलेले आईबाबा मला याबद्दल विचारतात, तेव्हा बहुतेकांनी फी आधीच भरलेली असते. मग नंतर कळतं की क्रेडिट धरलंच जाणार नाही, आणि मुलाचा अख्खा उन्हाळा वाया गेलेला असतो. ते बघून जीव तुटतो, म्हणून आज जरा सविस्तर बोलू या.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे: पैसे भरण्याआधी दोन ठिकाणी लेखी विचारा. जिथे क्रेडिट जमा व्हायचं आहे त्या कॉलेजला विचारा की हा कोर्स तुम्ही कशाच्या बदल्यात धराल. आणि जे कॉलेज कोर्स देतंय त्याला विचारा की आमचं मूल अमुक राज्यात बसून शिकणार आहे, त्याला शिकवायची तुम्हाला मुभा आहे का. हा दुसरा प्रश्न सहसा कुणाच्या मनातच येत नाही. ऑनलाइन म्हटलं की कुठूनही चालेल, असं आपण धरून चालतो.

तसं ते चालत नाही. अमेरिकेत उच्च शिक्षणाला परवानगी देण्याचा अधिकार राज्यांकडे आहे, आणि ऑनलाइन शिक्षणात कॉलेजची इमारत कुठे आहे याच्याइतकंच विद्यार्थी कुठे बसला आहे यालाही महत्त्व असतं. मुलाचा कायमचा पत्ता कोणता, ड्रायव्हिंग लायसन्स कुठलं, हे इथे गौण आहे. कोर्स चालू असताना ते प्रत्यक्ष कुठे असेल, ते राज्य धरलं जातं. पूर्वी कॉलेजांना यासाठी राज्याराज्याचे उंबरे झिजवावे लागत. त्यावर तोडगा म्हणून राज्यांनी आपसात एक करार केला. त्याचं नाव सारा. २०१४ पासून एकेक राज्य त्यात येत गेलं, आणि आज ४९ राज्यं, वॉशिंग्टन डीसी, पोर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स त्यात आहेत. सदस्य राज्यातलं जे कॉलेज सारात सामील आहे, ते दुसऱ्या सदस्य राज्यातल्या विद्यार्थ्याला वेगळी परवानगी न काढता ऑनलाइन शिकवू शकतं. सामील कॉलेजांची यादी, हा करार सांभाळणाऱ्या एनसी-सारा या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. प्रत्येक कॉलेज त्यात असेलच असं नाही, तेव्हा नाव शोधून खात्री करा.

बाहेर राहिलेलं एकमेव राज्य म्हणजे कॅलिफोर्निया. आपली किती मराठी कुटुंबं तिथे आहेत आणि किती मुलं तिथल्या विद्यापीठांत शिकतात, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे घोडं पेंड खातं ते नेमकं इथे.

समजा, मुलगी बर्कलीला शिकते आणि घर न्यू जर्सीत, एडिसनला आहे. उन्हाळ्यात ती घरी येणार. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन कोर्स बर्कलीला चालतो, हे तिने बघून ठेवलंय. सगळं जुळलंय असं वाटतं. पण कोर्सच्या काळात ती न्यू जर्सीत असेल, आणि कॅलिफोर्नियातली कॉलेजं सारात नाहीत. न्यू जर्सीत बसलेल्या विद्यार्थ्याला शिकवायचं तर त्या कॉलेजला तिथले नियम स्वतंत्रपणे पाळावे लागतात, आणि छोट्या कम्युनिटी कॉलेजांना पन्नास राज्यांशी असा व्यवहार परवडत नाही. म्हणून त्यांच्यापैकी अनेकांनी कोणत्या राज्यातून प्रवेश देता येतो आणि कोणत्या नाही, याची यादीच लावलेली असते. ‘स्टेट ऑथोरायझेशन’ या नावाचं ते पान संकेतस्थळाच्या तळाशी कुठेतरी असतं. आधी ते उघडा. शिवाय फी आकारताना परराज्यातला विद्यार्थी धरलं तर स्वस्ताईही संपते, कारण रहिवाशांसाठी असलेला ४६ डॉलर प्रति युनिट हा दर मग लागू होत नाही.

इथे काही जण सुचवतात की मामाचा कॅलिफोर्नियातला पत्ता घालून टाकू. कृपा करून तसं करू नका. अर्जावर मुलाची सही असते आणि ती माहिती खरी असल्याचं त्याने लिहून दिलेलं असतं. वरच्या उदाहरणातल्या मुलीसाठी सरळ वाट आहे: एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज आहे. तिथला कोर्स घ्यायचा आणि सिलॅबस बर्कलीला आधी दाखवून होकार मिळवायचा. थोडी यातायात जास्त, पण त्यात लपवाछपवी काही नाही.

उलट्या दिशेने, म्हणजे मूल कॅलिफोर्नियात बसलंय आणि कॉलेज बाहेरच्या राज्यातलं आहे, तिथे सरकारी आणि ना-नफा कॉलेजांच्या बाबतीत सहसा अडचण येत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांना मात्र राज्याकडे नोंदणी करावी लागते. तरीही सावध राहायला हवं असं २०१९ च्या जुलैने दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना बाहेरच्या कॉलेजांविरुद्ध तक्रार करण्याची पुरेशी सोय राज्याकडे नाही, असं सांगून केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने त्यांची सरकारी आर्थिक मदत धोक्यात आणली होती. राज्याने घाईघाईने तक्रारीची व्यवस्था उभी केली आणि प्रश्न मिटला. पण तोवर हजारो विद्यार्थ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

हे नियम नुसता छळवाद वाटतात, हे मला समजतं. पण कॉरिन्थियन कॉलेजेस नावाची मोठी नफेखोर साखळी २०१५ मध्ये एकाएकी बंद पडली, तेव्हा हजारो मुलं कर्ज डोक्यावर घेऊन अर्ध्यात उभी राहिली. कॉलेजने फसवलं तर मुलाने कोणत्या दारी जायचं, या प्रश्नाचं उत्तर राज्यं या नियमांतून शोधत असतात. नियम आपल्या मुलाला आडवा येतो तेव्हा राग येणारच. तो नियम नसावा असं मात्र मला वाटत नाही.

आता क्रेडिटकडे येते. परवानगी मिळाली म्हणजे क्रेडिट मिळालं, असं नाही. सारा फक्त शिकवायची मुभा देतो. क्रेडिट घ्यायचं की नाही, हे घेणारं कॉलेज ठरवतं. कॅलिफोर्नियात यासाठी असिस्ट नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, आणि ते मुलाशेजारी बसून एकदा तरी उघडा. दोन कॉलेजं आणि मुख्य विषय निवडला की पानावर दोन रकाने येतात. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा कम्युनिटी कॉलेजचा कोर्स, मध्ये बाण. कधी उजवीकडे ‘अँड’ लिहून दोन कोर्स जोडलेले असतात. म्हणजे दोन्ही केले तरच डावीकडचा एक सुटतो. आणि कधी उजवा रकाना ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ एवढंच सांगतो. ते दिसलं तर कोर्सचं नाव कितीही सारखं असो, भरवसा ठेवू नका.

यातली सगळ्यात दुखरी गोष्ट सांगते. ‘ट्रान्सफर होतं’ असं उत्तर आलं म्हणून पालक निर्धास्त होतात, पण त्याचे दोन अर्थ असतात. एक, युनिट खात्यात जमा होतात. दुसरा, ते मुलाच्या डिग्रीतल्या नेमक्या अटीला लागू पडतात. स्टॅटिस्टिक्सचा कोर्स ‘इलेक्टिव्ह’ म्हणून जमा झाला आणि मुलाच्या विभागाला स्वतःचाच स्टॅटिस्टिक्स हवा असला, तर त्याला तो विषय पुन्हा करावा लागतो. म्हणून विचारताना ‘चालेल का’ असं विचारू नका. ‘अमुक मेजरच्या अमुक अटीसाठी, ऑनलाइन घेतलेला, अमुक क्रमांकाचा कोर्स धराल का’ असं विचारा.

सेमिस्टर आणि क्वार्टर हाही एक घोळ आहे. सेमिस्टरचे ३ युनिट म्हणजे क्वार्टरचे साडेचार. बे एरियातली डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात, तिथला कॅल्क्युलस चार तुकड्यांत विभागलेला आहे. अर्धी मालिका तिथे आणि पुढची सेमिस्टरवाल्या कॉलेजात केली की मधला भाग एकतर सुटतो किंवा दोनदा होतो. मालिका असेल तर ती सुरू केलेल्या ठिकाणीच संपवावी.

इतर राज्यांतही सोयी आहेत. न्यू जर्सीत एनजे ट्रान्सफर आहे. मिडलसेक्सचा कोर्स रटगर्सला काय म्हणून लागतो, ते तिथे दिसतं. टेक्सस आणि फ्लोरिडात कोर्सचे क्रमांकच राज्यभर सामाईक ठेवले आहेत. इलिनॉयमध्ये आयएआयचा कोड बघायचा. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजंही २०२५ च्या फॉलपासून समान क्रमांकांकडे वळली आहेत. मात्र हे सगळं राज्याच्या हद्दीत. हद्द ओलांडली की सिलॅबस पाठवून मंजुरी मागणं आलंच.

हायस्कूलच्या मुलांचा पेच वेगळा असतो, कारण पुढे कुठे जाणार हेच ठरलेलं नसतं. त्यांच्यासाठी मी नेहमी रुळलेले विषय सुचवते: इंग्रजी लेखन, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, अमेरिकेचा इतिहास. कॅलिफोर्नियात यूसीला चालणारा ३ सेमिस्टर युनिटांचा कोर्स हायस्कूलच्या अख्ख्या वर्षाइतका धरला जातो, हा फायदा मोठा आहे. पण काही खाजगी विद्यापीठं हायस्कूल पूर्ण करण्यासाठी वापरलेलं क्रेडिट पुन्हा देत नाहीत. आणि एक गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवा: कॉलेजचा हा ट्रान्सक्रिप्ट कायमचा असतो. पंधराव्या वर्षी मिळालेला सी किंवा डब्ल्यू पुढच्या अर्जांत दाखवावा लागतो, लपवता येत नाही. शेजारच्या मुलाने चार कोर्स केले म्हणून आपल्याने करावेत, या ईर्षेपायी दमलेली मुलं मी बघते. पोर दमलं असेल तर एक उन्हाळा कोर्सविना जाऊ द्या.

प्रयोगशाळेचे विषय ऑनलाइन घेताना जपून. वैद्यकीय शाखेकडे जायचं असेल तर अनेक मेडिकल स्कूल ऑनलाइन लॅब मानत नाहीत. नर्सिंग आणि शिक्षकी पेशाच्या परवान्यांचे नियम राज्यागणिक बदलतात, तिथे आपल्या राज्याच्या बोर्डाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. सोफिया, स्टडी डॉट कॉम यांसारख्या कंपन्या कोर्स विकतात, पण ती कॉलेजं नाहीत. त्यांच्या कोर्सना एसीई या संस्थेची शिफारस असते, आणि ती मान्य करणं न करणं प्रत्येक विद्यापीठाच्या मर्जीवर असतं.

पुण्या-नागपूरहून मुलांना शिकायला पाठवलेल्या पालकांसाठी थोडं. एफ-१ व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे ३ क्रेडिटपर्यंतच, मोजता येतो. उन्हाळ्याच्या रीतसर सुट्टीत ही अडचण नसते. पण मूल सुट्टीला कोल्हापूरला घरी येणार असेल, तर तिथून कोर्स करता येईल का आणि परीक्षेवर नजर ठेवणारी व्यवस्था भारतीय वेळेत चालेल का, हे कोर्स देणाऱ्या कॉलेजला विचारावं; व्हिसाचं आपल्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कचेरीला.

हे सगळे ईमेल मुलाला लिहू द्या. तुम्ही शेजारी बसा, हवं तर वाचून बघा, पण नाव आणि सही त्याची असू दे. कॉलेजं पालकांच्या ईमेलला सहसा मोघम उत्तर देतात, आणि अठराव्या वर्षानंतर किंवा कॉलेजात नाव घातल्यावर मुलाच्या नोंदींबद्दल तुमच्याशी बोलायला त्यांना कायद्याची आडकाठी असते. ईमेलात कोर्सचा क्रमांक, सत्र, ऑनलाइन असल्याचा उल्लेख आणि त्या काळात आपण कोणत्या राज्यात असू ते असावं. सोबत सिलॅबसची पीडीएफ जोडावी. आलेलं उत्तर जपून ठेवावं, कारण वर्षभराने तो सल्लागार बदललेला असतो. सिलॅबसही उतरवून ठेवावा, कोर्स संपला की तो संकेतस्थळावरून जातो. उत्तराला दोन आठवडे सहज लागतात, आणि उन्हाळी नोंदणी अनेक ठिकाणी एप्रिलमध्येच सुरू होते. तेव्हा मुलाने पहिला ईमेल या शनिवारी-रविवारी लिहायला घेतला तर बरं.