मोबाईलची बॅटरी कोण खातं? घरी आणि वर्गात करून पाहण्याजोगा शोध



घरात एकच स्मार्टफोन असेल तर घरच्यांचे फोन, पैशांचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास सगळं त्यावरच चालतं. तो दुपारीच बंद पडला की आपण म्हणतो, "बॅटरी गेली, आता बदलायला हवी." पण पैसे खर्च करण्याआधी थोडं थांबा. पुष्कळदा बॅटरी ठीक असते, एखादं ॲपच ती फस्त करत असतं.

असं का होतं?
स्क्रीन बंद झाली की फोनही विश्रांती घेतो. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून त्यासाठी 'डोझ' नावाची सोय आहे. फोन न हलता पडून असला की ती ॲप्सची मागची कामं लांबवते. पण एखादं ॲप सतत लोकेशन घेत असेल किंवा प्रोसेसरला जागं ठेवत असेल, तर ही विश्रांती मोडते.

शोध कसा घ्यायचा?
1. सेटिंग्जमध्ये बॅटरी आणि तिथे 'बॅटरी युसेज' उघडा. (कंपनीनुसार नावं थोडी वेगळी असतात.) दोन तास व्हिडिओ पाहिला आणि ते ॲप वर दिसलं, तर त्यात नवल नाही. जे फारसं उघडलंच नाही आणि तरी वर आहे, तो आपला संशयित!
2. ते ॲप अपडेट करा, फोन रीस्टार्ट करा.
3. लोकेशनची परवानगी 'फक्त ॲप वापरताना' अशी ठेवा.
4. फरक नाही पडला तर बॅकग्राउंड वापर 'रिस्ट्रिक्टेड' करा. मग त्या ॲपचे निरोप उशिरा येऊ शकतात, म्हणून शाळेचा ग्रुप असलेल्या ॲपला हे नको.
5. शेवटचा उपाय म्हणजे ॲप काढून पुन्हा टाकणं. आधी त्यातली माहिती जपून ठेवा.

सगळी ॲप्स सारखी सरकवून बंद करत बसू नका. ती पुन्हा उघडायलाही बॅटरी लागतेच.

वर्गासाठी उपक्रम
मुलांना घरच्या फोनची टक्केवारी रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर लिहायला सांगा. समजा, 5000 एमएएचची बॅटरी 8 तासांत 80 वरून 56 टक्क्यांवर आली. म्हणजे 24 टक्के, अर्थात 1200 एमएएच खर्च. दर तासाला 3 टक्के. बदल केल्यावर ती 74 वर राहिली, तर खर्च फक्त 300 एमएएच. शेकडेवारीचं गणित आपोआप होतं.

मात्र एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणारच नाही. विज्ञानातला प्रयोगही असाच करतात ना?

एवढं करूनही फोन उतरतच असेल, तर बॅटरी जुनी झाली असं समजा. आणि ती फुगलेली दिसली तर चार्जिंग लगेच थांबवून फोन दुरुस्तीला द्या, मुलांच्या हाती देऊ नका.

करून पहा आणि मुलांच्या नोंदी जरूर कळवा.